गाण्यांची राखण

माझ्या मामेसासऱ्यांच्या मते अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दोनच प्रकारची माणसं राहतात. एक, ज्यांनी त्यांची गाणी चोरली आहेत ती, आणि दुसरी, जी चोरण्याच्या बेतात आहेत ती. मी त्यांच्या भाचीशी लग्न केलं त्या दिवशी माझी नोंद दुसऱ्या प्रकारात झाली, आणि वीस-बावीस वर्षं सालस जावयासारखा वागूनही ती बदललेली नाही. त्यात मी अधूनमधून दिवाळी अंकांत काहीबाही लिहितो, म्हणजे आगीत तेलच. त्यामुळे कशेळीला त्यांच्या घरी गेलं की चपला जिथं काढायच्या तिथंच खिशातलं पेनही काढून ठेवायचं, असा माझ्यापुरता नियम आहे. एकदा बाहेर आलो तर चपला गेलेल्या आणि पेन जागेवर. बायको हळहळली. मामा मात्र बराच वेळ त्या पेनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे चोर लेखक नव्हता. तुम्ही सुटलात, जावईबापू."

मामा हळदीची गाणी लिहितात. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नात माणूस अक्षता टाकून, आहेर देऊन पंधरा मिनिटांत सटकू शकतो. हळदीला गेला की तो त्या घरचा होतो आणि गाणी संपेपर्यंत सुटत नाही. पूर्वी ही गाणी बायका म्हणायच्या, आता स्पीकर म्हणतात. मामा तीस वर्षं भिवंडीत एका शेठच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम ज्याच्या हाताखाली मुकाट चालू होतो असा माणूस. शेठ त्यांना मोठ्या मानानं वागवायचे, फक्त गाणं म्हणू द्यायचे नाहीत. त्या तीस वर्षांत लूमच्या खडखडाटानं त्यांचा उजवा कान पूर्ण गेला आणि डावा अर्धा. उरलेल्या अर्ध्या कानावर त्यांनी सतरा वह्या गाणी लिहिली. ती कोणी मागितली नव्हती हा भाग वेगळा. पण मागितल्याशिवाय जे देता येत नाही ते चोरता तरी येतंच, असा त्यांचा हिशेब.

चोर ओळखायची त्यांची रीत कारखान्यातली आहे. शेठच्या कापडाच्या किनारीत एक निळा दोरा असायचा. तागा कुठल्याही बाजारात जावो, किनार उलटली की माल कोणाचा ते कळे. मामांनी तोच निळा दोरा गाण्यात घातला. प्रत्येक गाण्यात एक गोष्ट मुद्दाम चुकीची. एका गाण्यात श्रावणात आंब्याला मोहोर येतो. एकात नवरदेव घोड्याऐवजी रेड्यावर बसतो. आणि त्यांच्या सगळ्यांत लाडक्या गाण्यात कशेळीच्या खाडीचं पाणी गोड आहे. आमच्या खाडीचं पाणी ज्यानं चाखलंय, किंवा नुसतं हुंगलंय, त्याला कळेल की हा केवढा मोठा दोरा आहे. मामा म्हणायचे, "शहाना मानूस असा लिहिल का? न्हाय. म्हंजे जो गाईल तो माझा चोर." शहाणा माणूस असं लिहिणार नसेल तर शहाणा चोर ते चोरील कशाला, हा प्रश्न माझ्या जिभेवर कितीदा आला आणि भाचीच्या डोळ्यांकडे बघून परत गेला.

एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. कोणी आग्रह केलाच, तर ते गाणं म्हणून दाखवत. पण प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गिळून. ओळ उंच चढायची, आपण मान पुढे करायचो, आणि मामा गप्प. डोळ्यांत असा भाव की, वाचलात, अजून एक शब्द ऐकला असतात तर तुमचंही मन मोहात पडलं असतं. एका बारशाला त्यांनी असं अख्खं गाणं म्हटलं, तेव्हा समोर बसलेल्या बायकांनी गिळलेला प्रत्येक शब्द आपल्या मनानं भरून दिला, आणि सगळे बरोबर निघाले. मामा तडक उठून निघून गेले. पुढचा महिनाभर ते शोधत होते, वही फोडली कोणी.

आणि लेखी इशारा. "या मजकुराची नक्कल करणाऱ्यावर कायदेशीर इलाज करण्यात येईल" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप वळतो. वाण्याच्या यादीखाली ते असतं, गॅसवाल्याला लिहिलेल्या चिठ्ठीखाली असतं. माझे वडील गेले तेव्हा त्यांनी मला दोन पानी सांत्वनाचं पत्र पाठवलं. इतकं मायेचं पत्र मला दुसऱ्या कोणाचं आलं नाही. वाचून रडू आलं, आणि सहीखाली नजर गेली तर मी कायदेशीर इलाजाच्या टप्प्यात. रडता रडता हसलो. ते पत्र मी जपून ठेवलंय आणि अर्थातच त्याची नक्कल केलेली नाही.

लग्नसराईत मामा गस्तीला निघत. हळद कोणाची हे विचारायचं नाही. मांडव दिसला की आत, स्पीकरच्या भिंतीजवळ खुर्ची, मांडीवर वही, डावा कान पुढे. त्यांच्या त्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टामुळे आणि टिपणं घेण्यामुळे एकदा पूर्णा गावात डीजेवाल्याला वाटलं, आवाजाची तक्रार झाली आणि साहेब मोजायला आले. त्यानं आवाज कमी केला. मामांना ऐकू येईना म्हणून त्यांनी हातानं वाढव अशी खूण केली. त्याला वाटलं, साहेब उपरोधानं बोलतायत, त्यानं आणखी कमी केला. शेवटी हळद अशी शांत झाली की मागच्या गोदामातले हमाल बघायला आले, कोण गेलं म्हणून. घरमालकानं मामांना पाटावर बसवून जेवू घातलं, वर मिठाईचा डबा दिला. मामा मला दुसऱ्या दिवशी म्हणाले की त्या घरात चोरीचं गाणं एकही वाजलं नाही, माणसं फार चांगली आहेत, चार तास बोलत बसली.

चार तास कोणी बोलत बसणं ही त्यांच्याकडे अलीकडे मोठीच गोष्ट. मामी जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. भाऊबंदांनी जमिनी गोदामांना दिल्या आणि ठाण्याला टॉवरमध्ये राहायला गेले. मामांचं कौलारू घर दोन गोदामांच्या मध्ये राहिलं, दोन जाड माणसांच्या मध्ये बसमध्ये कोणी अंग चोरून बसावं तसं. समोरून दिवसभर कंटेनर जातात. शेजारी म्हणावं तर एका बाजूला वॉचमन, तोही दर महिन्याला बदलतो. मामी होत्या तेव्हा त्या आत भाकऱ्या थापत गुणगुणत असायच्या आणि मामा ओटीवर चौकटीला टेकून, डावा कान घराकडे करून, वही घेऊन बसायचे. मला म्हणायचे, सकाळचं मला फार सुचतं. गेल्या चार वर्षांत अठरावी वही सुरू झालेली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, चोरांचा सुळसुळाट फार झालाय, आता लिहिण्यात अर्थ नाही.

आता मी जे सांगणार आहे त्यात माझा स्वतःचा अंगठा गुंतलेला आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मामांचा फोन आला. सापडला, म्हणाले. गस्तीत भेटलेल्या कोणीतरी त्यांना इंटरनेटवरचा एक व्हिडिओ पाठवला होता. पडघ्याकडची कुठलीशी जुनी हळद, व्हीसीआरच्या काळातली, कोणीतरी कॅसेटवरून उतरवून घेऊन टाकलेली. मी गेलो, पेन काढून ठेवलं, आत गेलो. मामा गाणं ऐकतात ते फोन डाव्या कानात जवळजवळ खुपसून आणि डोळे मिटून. फोनच्या चित्रावर त्यांची नजर कधी पडतच नाही. बायकांचा घोळका गात होता. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, खाडीवर गळ टाकून तीस वर्षं बसलेल्या माणसाची दोरी हलावी तसा. मग ती ओळ आली.

पडग्याची नवरी झाली कशेलीची रानी,
ओंजलीनं प्याली बाई खाडीचं गोड पानी.

"गोड पानी," मामा पुटपुटले आणि तिथंच फोन बंद केला. पुरावा मिळाल्यावर पुढचं ऐकायची गरज नव्हती. मी चित्र पाहिलं होतं. पण धुरकट कॅसेट, पिवळे चेहरे, त्यात कोण कोणाला ओळखणार. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. अशा गोष्टीची तक्रार व्हिडिओ दाखवणाऱ्या इंटरनेट कंपनीकडे करता येते हे मीच त्यांना सांगितलं, माझ्याच फोनवरून अर्ज भरला, गाणं माझ्या मामेसासऱ्यांच्या मालकीचं असल्याचं शपथेवर नोंदवलं आणि माझ्याच अंगठ्यानं बटण दाबलं. चौथ्या दिवशी व्हिडिओ उडाला. मामांनी पेढे वाटले. वाटायला माणसं नव्हती म्हणून वॉचमनला आणि सिग्नलच्या रांगेत अडकलेल्या दोन कंटेनरवाल्यांना दिले. त्या दिवसाइतके खूश मी त्यांना मामी गेल्यापासून पाहिले नव्हते. कोणीतरी त्यांचं गाणं चोरण्याजोगं मानलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी तिथं असतानाच एक बाई आली. पन्नाशीची, पडघ्याहून दोन बस बदलून आलेली, हातात तांदळाच्या पिठाची पिशवी. ती मामींच्या भावाची मुलगी निघाली. मामांनी तिला मामींच्या शेवटच्या दिवसांत पाहिलेलं, मग येणंजाणं तुटलेलं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं की व्हिडिओच्या जागी तुमचं नाव दिसतंय, तक्रार तुम्हीच केलीत का. मामांनी मान ताठ करून हो म्हटलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मामा, ती हलद माझी हाय. माझ्या लग्नाची," ती म्हणाली. "आनि गानं माझ्या आत्याचं हाय. मधी हिरव्या लुगड्यात बसलेली दिसली न्हाय का तुम्हाला?"

मामांना नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. बाहेरून कंटेनर गेला म्हणून तिसऱ्यांदा सांगावं लागलं. काही वाक्यं एकदाच ऐकावीत. मामांना ते तीनदा ऐकावं लागलं.

त्यांनी लढत दिली. कपाट उघडलं, कापडात गुंडाळलेली सातवी वही काढली, पान उघडलं. गाणं, सही, इशारा आणि तारीख. तारीख घालायला ते कधी चुकत नाहीत. बाईनं बोटावर वर्षं मोजली. वहीतली तारीख तिच्या लग्नानंतर दोन वर्षांची होती. तिनं मग खाडीच्या पाण्याचंही सांगितलं. आत्या पडघ्याची पोरगी, तिनं खाडी कधी पाहिलेली नाही. नवी नवरी म्हणून आली तेव्हा एवढं पाणी बघून नदीच वाटली, आणि वरातीतून उतरल्या उतरल्या ओंजळभर प्यायली. सासू हसेल म्हणून तोंड वाकडं न करता म्हणाली, गोड हाय. माहेरी मात्र तिनं त्याचं गाणं केलं आणि दर हळदीला सगळ्यांना हसवलं.

"पन ल्हिलं मी," मामा म्हणाले.

"उतरवलंत, मामा. बनवलं न्हाय."

मग तिनं असंही सांगितलं की गाण्याला चार कडवी आहेत. मामांच्या वहीत तीनच होती. चौथं कुठलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. चौथं तुमच्या वहीत कसं असेल, म्हणाली, ते तुमच्यावरच आहे. आत्या ते घरी म्हणायची नाही. त्या हळदीला तुम्ही आला नव्हतात. तुमची ड्युटी होती.

ते कडवं तिला येत नव्हतं. एकही ओळ आठवत नव्हती. कॅसेटला बुरशी लागली होती, स्टुडिओवाल्यानं तिच्यातून एवढं कसंबसं काढून इंटरनेटवर चढवलं आणि कॅसेट फेकून दिली. जे उरलं होतं ते त्या एका ठिकाणी होतं, आणि तिथून ते आम्ही उडवलं होतं. बाई पिठाची पिशवी ठेवून गेली. जाताना म्हणाली की आत्याला तुमच्या हातची चूल कधी पेटलेली माहीत नव्हती, तेव्हा भाकऱ्या कोणाकडून तरी करून घ्या.

व्हिडिओ परत आणायचा रस्ता होता. ज्यानं तक्रार केली त्यानंच ती मागं घ्यायची, कारण लिहून. मी म्हटलं, "चुकून झालं" एवढं लिहू, चालतं. मामांनी मला थांबवलं. पुढचे तीन दिवस त्यांनी फोन घेतला नाही. बायकोनं मला त्या तीन दिवसांत जे सुनावलं ते इथं देत नाही, त्याचे हक्क तिच्याकडे आहेत. मी मात्र त्या घराचा विचार करत होतो. सतरा वह्या, आणि त्यांतली गाजलेली म्हणावी अशी एकुलती एक चीज. ती हातची गेली की मामांकडे काय राहतं? लूम तर केव्हाच दुसऱ्यांच्या हाताखाली गेले. बाकीच्या सोळा वह्यांकडेही ते आता कुठल्या नजरेनं बघणार होते? आणि नाही दिली, तर मामींचा आवाज जगात कुठंच नाही.

चौथ्या दिवशी ते स्वतः भिवंडीला आमच्या घरी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. माझ्यासमोर कागद ठेवला, हा जसाच्या तसा टाका म्हणाले. त्यावर लिहिलं होतं: "हे गाणे माझे नाही. माझ्या पत्नीचे आहे. मी ते तिला न विचारता माझ्या नावावर केले. हळदीच्या बाईची काही चूक नाही." खाली सही. इशारा नव्हता. मी टाइप करत होतो तेव्हा मागून त्यांनी एकदाच विचारलं, मराठीतलं त्या कंपनीला कळेल का. मी म्हटलं, कळेल.

व्हिडिओ परत यायला आठवडा गेला. आला त्या दुपारी मी कशेळीला गेलो. उन्हानं गोदामांचे पत्रे तडतडत होते. मामांनी फोन सवयीनं कानाला लावला, मग एकदम डोळ्यांसमोर धरला, पुन्हा कानाला नेला. कानाशी असला की ती दिसत नव्हती, डोळ्यांशी असला की ऐकू येत नव्हती. दोनतीनदा असं झाल्यावर ते माझ्याकडे बघू लागले. मग आम्ही तोडगा काढला. फोन त्यांनी समोर धरला, आणि मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ऐकलेली ओळ मोठ्यानं सांगू लागलो. पिवळ्या चेहऱ्यांच्या मधोमध हिरव्या लुगड्यातली बाई होती. एकदा कळल्यावर तिच्याशिवाय दुसरं कोणी दिसेना. तीन कडवी झाली. ती थांबली, इकडंतिकडं बघून हसली, बाकीच्या बायका गप्प झाल्या, आणि तिनं एकटीनं चौथं घेतलं.

घरधनी माझा लूमवाला, कान त्याचं लूमला,
चार हाका मारल्या तवा एक पोचली त्याला.
पाचवी मारीन हाक बाई, बसंल माझ्या शेजारी,
गानं माझं आयकंल तो निवांत एक दुपारी.

माझ्यासारख्या माणसाला ते कानात ओरडून सांगावं लागलं, मध्ये हॉर्न वाजला म्हणून तिसरी ओळ दोनदा. गाणी अशी ऐकवू नयेत. पण मामा तिच्या तोंडाच्या हालचालीकडे बघत माझे शब्द घेत होते, आणि मला वाटतं, त्यांना ते तिच्याच आवाजात पोचलं असावं.

व्हिडिओ संपला. मामांनी उठून कपाटातून सातवी वही आणली. तिसऱ्या कडव्याखाली अर्धं पान मोकळं होतं. माझं पेन बाहेर होतं, ते त्यांनी स्वतः जाऊन आणलं, टोपण काढलं, वही मांडीवर घेतली आणि तशीच धरून बसले.

"जावईबापू," ते म्हणाले, "उतरवायचं तर आधी विचारायला पायजे. आता कोनाला विचारू?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते माझ्या खिशात ठेवलं आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावायला सांगितलं.